ओ न देण्याची वाट

उजवा तळहात छातीवर, पदराच्या आत. डाव्या हातात मिटलेली काळी छत्री. आणि मलकपेठच्या मिरचीबाजाराकडून येणाऱ्या, नाकात शिरून हुळहुळणाऱ्या वाऱ्यात डोळे बारीक करून चालणारी, एक शब्दही न बोलणारी आई... ती गेल्यापासून मला अशीच दिसते. शेवटच्या आजारातली, उशांना टेकलेली आई डोळ्यांपुढे आणायला मला प्रयत्न करावा लागतो. ही चालती आई न बोलावता येते.

त्या तळहाताखाली, गळ्यातल्या दोरीला, पांढऱ्या कापडाची हाताने शिवलेली पिशवी असे. पिशवीत सोनेरी मुलाम्याची एक चपटी, गोल डबी, आणि डबीत ख्रिस्तशरीर — फादरांनी मिस्सेमध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आशीर्वादित केलेल्या, कागदाहून किंचित जाड, बिनमिठाच्या भाकरीच्या पांढऱ्या चकत्या, ज्यांत आमच्या श्रद्धेनुसार प्रभू स्वतः असतो. आम्ही मूळचे जालन्याकडचे, आजोबांच्या काळापासून कॅथलिक. पप्पांच्या सरकारी नोकरीपायी हैदराबादला आलेले. चर्चमधली मिस्सा तेलुगूत नाहीतर इंग्रजीत, चर्चच्या अंगणातल्या गप्पा दखनीत, आणि ‘नमो मरिया’ तेवढं घरी, आईच्या मराठीत, तव्यावर भाकरी टाकता टाकता.

रविवारची मिस्सा संपली, की आमच्या चर्चची काही माणसं घरी न जाता कामाला लागत. कोणी गोळा झालेले जुने कपडे धुऊन, इस्त्री करून वाटत. कोणी वस्तीतल्या मुलांची शिकवणी घेत. कोणी सरकारी दवाखान्यात ज्यांच्याकडे कोणी येत नाही अशा रुग्णांच्या खाटेपाशी जाऊन बसत. आईच्या वाट्याला आली होती आजाऱ्यांची फेरी. ज्यांना अंथरुणातून उठून चर्चपर्यंत येता येत नाही, त्यांच्या घरी जाऊन त्यांना कम्युनियन, म्हणजे ती आशीर्वादित चकती, द्यायचं. आणि ते नेणाऱ्यानं वाटेत रेंगाळू नये, गप्पांत रमू नये, प्रार्थना करत थेट आजाऱ्याच्या दारी जावं, असा रिवाज. बाकीच्या बायका तो जरा सैलपणानं पाळत. ओळखीचं कोणी भेटलं तर हसून दोन शब्द बोलत. आईचं तसं नव्हतं. डबी गळ्यात आली, की तिच्या ओठांना जणू टाका पडे, आणि शेवटच्या आजाऱ्याच्या घरी डबी रिकामी होईपर्यंत तो उसवत नसे.

पण गल्लीला हे कसं कळावं? म्हणून तिच्यासोबत मी. नऊ-दहा वर्षांची, घट्ट वेण्यांची, रविवारच्या फ्रॉकमध्ये घामेजलेली मी तिची जीभ होते. वाटेत कोणी तिला काही बोललं, की उत्तर मी द्यायचं.

“क्या बाई, आज बी रूठे क्या हमसे?” कोपऱ्यावरचे फळवाले चाचा मुद्दाम ओरडत.

“अम्मा अभी बात नै कर सकते, चाचा. चर्च का काम है.”

“हौ हौ, मालूम है! अम्माकू नै, तेरेकूच बोल रा मैं. वापसी में आओ, सीताफल बाजू निकालके रख्या हूं.”

आई मान खाली घालून पुढे गेलेली असे आणि मला पळत तिला गाठावं लागे. चाचांच्या गाडीवरचा पिकल्या सीताफळांचा गोडसर वास, मग चक्कीतल्या गरम पिठाचा, मग पुन्हा मिरचीचा... वास बदलत जात आणि मी मनातल्या मनात चडफडत असे. कारण त्या वाटेवर ती मलाही उत्तर देत नसे. ‘आई, तहान लागली,’ ‘आई, चप्पल चावतेय,’ ‘आई, तो घोडा बघ’... तिचे डोळे समोर, तळहात छातीवर. बाजूनं चालणारी बाई माझीच आई होती आणि तरी तिच्यात शिरायला मला कुठूनही दार नव्हतं. दर रविवारी सकाळी मला वाटे, की मला एका बंद खोलीत घातलं आहे, आणि ती खोलीच पायांनी चालते आहे.

पहिलं घर रेजिना आंटीचं. तिसऱ्या मजल्यावर, अरुंद आणि दिवसाढवळ्या अंधारलेल्या जिन्यानं चढून जावं लागे. आंटी एके काळी दवाखान्यात नर्स होती. कंबरेचं हाड मोडल्यापासून तो जिना तिला पुन्हा उतरता आला नव्हता. खिडकीला जाळी, जाळीपलीकडे समोरच्या इमारतीची भिंत, आणि त्या दोन्हींच्या मधल्या पट्टीतून दिसेल तेवढं आभाळ. तरी आंटी पावडर लावून, केसांना तेल लावून, पलंगावर ताठ बसलेली असे. तिपाईवर धुतलेला पांढरा कपडा, मेणबत्ती, क्रूस, पाण्याचा पेला... सगळं जागच्या जागी. आई प्रार्थना म्हणे, डबी उघडे, आणि पांढरी चकती आंटीच्या जिभेवर ठेवे. मग थोडा वेळ खोलीत नुसती मेणबत्तीची वात चरचरत राही.

तो वेळ संपला, की आंटी सुटे. आईला अजून पुढची घरं करायची असत, म्हणून आई गप्पच. पण ती उठत नसे, समोरच्या स्टुलावर बसून ऐके. शेजारणीची भांडणं, दुबईच्या मुलाचा फोन, कंबरेतली कळ, स्वप्नात येणारा नवरा.

“तेरी अम्मा बहुत अच्छी है, बेटा,” आंटी मला म्हणे. “सुनती, बोलती नै. मेरा मरद बी ऐसाच होना था. उनो बोलताच था, सुनता नै था!” आणि स्वतःच्याच विनोदावर ती इतकी हसे, की कंबर धरून ‘हाय अल्ला’ म्हणे. मग घाईघाईनं क्रूसाकडे बघून कपाळाला हात लावे. आईचे खांदे हलताना दिसत. हसू बाहेर येत नसे, इतकंच.

एकदा परतीच्या वाटेवर, रेसकोर्सच्या लांब भिंतीच्या सावलीतून येताना, आईच्या हातात चाचांची सीताफळं होती, डबी रिकामी झालेली होती, आणि आई पुन्हा आई झाली होती, तेव्हा मी तिला रागानंच विचारलं, “तुला कंटाळा येत नाही का गं, एवढा वेळ गप्प राहून?”

भिंतीपलीकडून घोड्यांच्या घामाचा आणि ओल्या गवताचा वास येत होता. आई थोडं चालली, आणि म्हणाली, “घरी दिवसभर मला हाका असतात, स्टेले. ह्या वाटेवर कुणी हाक मारली तरी ओ द्यावी लागत नाही.”

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. घरी हाका होत्या हे खरं. आमचं दोन खोल्यांचं घर म्हणजे जालन्याकडच्या नातेवाइकांची धर्मशाळा होती. कोठी भागातल्या डॉक्टरांना डोळे दाखवायला आलेले मामा, दवाखान्यात भरती झालेल्या आत्याची सून, परीक्षेला आलेला कोणी भाचा. पाणी दे, चहा टाक, डबा भर, रिपोर्ट कुठे ठेवला... आणि या सगळ्यांच्या वर पप्पांची हाक. ती मोठी नसे, पण तिला उशीर खपत नसे. पप्पा कार्यालयात वरिष्ठ कारकून होते. अर्धवट राहिलेली कुठलीही गोष्ट — न मिटलेली छत्री, अर्धी भरलेली घागर — त्यांना बघवत नसे. रविवारच्या फेरीला ते ‘जा’ म्हणत नसत आणि ‘नको’ही म्हणत नसत. चष्मा पुसत घड्याळाकडे बघत, एवढंच.

मी सातवीत असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. चेहऱ्याचा अर्धा भाग खाली ओघळल्यासारखा झाला. बोलणं तुटक, लाळेत भिजलेलं. ज्या खोलीत आम्ही जेवत होतो, त्या खोलीत खाट आली, खाटेखाली भांडं आलं, फिनेलचा आणि उकडलेल्या भाताचा मिश्र वास आला, आणि तो तिथून कधी गेलाच नाही. पाहुण्यांचं येणं थांबलं. हाक आता एकच उरली, पण ती अखंड होती. आई भाजी आणायला गेली तरी धावत परत येई. तरी रविवारी कधी मला, कधी शेजारच्या कोणाला पप्पांपाशी बसवून ती फेरीला जात राहिली.

फादरांना हे कळलं. ते मनानं फार कोवळे होते. मिस्सेनंतर अंगणात, सगळ्यांसमोर, आईच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, “बाई, अब आपका घरच आपका चर्च है. आप घर देखो. बाहर का काम दूसरे लोग करेंगे. कम्युनियन हम आपके घर लाएंगे.”

भोवतालच्या बायकांनी माना हलवल्या. कोणी आईचा खांदा थोपटला. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर इतकी माया होती, की त्या मायेला नकार देण्यासारखा शब्द कुठल्याच भाषेत नसावा. आईनं गळ्यातली पिशवी काढली, दोरी नीट गुंडाळली, आणि विजयाक्कांच्या हातात दिली. विजयाक्का शेजारच्या गल्लीतल्या, शाळेत शिकवत. “हौ, फादर,” आई म्हणाली. घरापर्यंत आम्ही दोघी गप्पच आलो. पण ते गप्प राहणं वेगळं होतं.

मग रविवार आमच्या घरी येऊ लागला. आई तिपाईवर पांढरा कपडा अंथरी, मेणबत्ती लावी, पाण्याचा पेला ठेवी, आणि खिडकीच्या गजांपाशी उभी राही. इतरांच्या घरी जे मांडलेलं तिनं पाहिलं, ते आता ती मांडत होती. विजयाक्का तळहात छातीवर ठेवून येत, प्रार्थना म्हणत, पप्पांना आणि आईला कम्युनियन देत, आणि निघत. त्यांनाही पुढची घरं होती. पहिल्याच रविवारी आईनं दारापर्यंत जाऊन हलक्या आवाजात विचारलं, “रेजिना आंटी कैसे हैं, अक्का?”

विजयाक्कांनी डोळ्यांनीच क्षमा मागितली, छातीवरच्या तळव्याकडे खूण केली, आणि त्या जिना उतरून गेल्या. त्या आईकडूनच तर शिकल्या होत्या ते! आई दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहिली... मी पुस्तकातून डोकं वर काढून पाहिलं तेव्हा ती तिथेच होती, आणि पप्पा खाटेवरून तिच्या पाठीकडे बघत होते.

असे कितीतरी रविवार गेले. उन्हाळा चढला. खिडकीचे गज दुपारी हात लावू नये इतके तापत. आई फार बोलेनाशी झाली. घरात हाक आली की ओ देई, पण त्या ‘ओ’मध्ये कोणी राहत नव्हतं.

आणि एका रविवारी पप्पांनी तोंड उघडलं नाही.

विजयाक्कांनी चकती त्यांच्या ओठांपाशी धरली, नेहमीचे शब्द उच्चारले. पप्पांचे ओठ मिटलेले. त्या थांबल्या, पुन्हा उच्चारले. पप्पांनी हळूहळू मान भिंतीकडे वळवली. आई शरमेनं लाल झाली. “अहो, असं काय करता? घ्या ना,” ती कानाशी पुटपुटली. भिंतीकडे केलेलं तोंड फिरलं नाही. विजयाक्कांनी डबी बंद केली, आणि त्या पुढच्या घरी गेल्या. पुढच्या रविवारी तेच. मग स्वतः फादर आले. खाटेच्या कडेवर बसले, पप्पांचा जड हात हातात घेतला.

“क्या जोसेफ, प्रभू से नाराज़ हो क्या?”

पप्पांनी नकारार्थी मान हलवली. मग शब्द एकेक करून, ओढून आणल्यासारखे बाहेर आले. “हिच्या... हातून.”

फादरांना आधी कळेना; मी सांगितलं तेव्हा ते मोठ्यानं हसले. “अच्छा! बीवी के हाथ से ही मंगता! तो फिर बीवी को चर्च आना पड़ेगा, मिस्सा के बाद लेके जाना पड़ेगा.”

पप्पांनी डोळे मिटले, म्हणजे त्यांचं काम झालं होतं.

त्या काळात पप्पांपाशी बसायला देशपांडेकाका तयार झाले. काका शेजारचे, जुन्या हैदराबादी वकील घराण्यातले, कोर्टातून निवृत्त. रोज सकाळी उर्दू वर्तमानपत्र उजवीकडून डावीकडे वाचत आणि लगेच मराठीत सांगत. ते नसते, तर आईला मला सोबत घेऊन उंबरा ओलांडता आला नसता. पहिल्या रविवारी आई मिस्सेहून एकच चकती घेऊन धावत घरी आली, धापा टाकतच प्रार्थना म्हणाली. पप्पांनी तिच्या हातून कम्युनियन घेतलं. मग विचारलं, “बाकी...चे?”

“बाकीच्यांकडे विजयाक्का जातात.”

“अर्धं... काम,” पप्पा तिरस्कारानं म्हणाले, आणि भिंतीकडे वळले. त्या दिवशी जेवलेही नाहीत.

देशपांडेकाका हसून म्हणाले, “वहिनी, साहेब आजारी पडले, पण हापिस सुटलं नाही बघा!” हे कानावर गेलं तेव्हा फादरही हसले असावेत; पुढच्या रविवारी आईच्या गळ्यात पिशवी आली, आधीसारखीच. मी सोबत होते. तिसऱ्या मजल्यावरचं दार ढकललं, तेव्हा रेजिना आंटी ओरडली, “आ गयी! मैं समझी तू मर गयी!” आईचे डोळे भरून आले. “बोल नक्को,” आंटी म्हणाली. “बोल नक्को, बस मूं दिखा.”

आमचं घर आईनं फेरीत शेवटी ठेवलं. पण पप्पांनी आणखी एक हट्ट धरला — कम्युनियनच्या आधी उपास. आजाऱ्यांना त्यातून सूट असते, हे त्यांना ठाऊक होतं. तरी आई येईपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही. काका वैतागत. “जोसेफराव, अहो, चहा तरी घ्या! आमच्या एकादशीलासुद्धा चहा चालतो!”

“न...को.”

म्हणून आई आता भरभर चाले. रेसकोर्सच्या भिंतीची सावली, सीताफळं, परतीचं बोलणं... ते काही परत आलं नाही. एका खोलीत कोणी तहानलेलं तिच्यासाठी खोळंबून आहे, हे तिच्या प्रत्येक पावलात ऐकू येई. पण जाताना ती गप्प असे. चाचा ओरडत, चक्की घरघरे, आणि आई कोणालाही ओ न देता चालत असे. मला आता तिचा राग येत नव्हता. मी तिच्या बाजूनं, तितकीच गप्प, चालत असे.

पप्पा दोन-अडीच वर्षांनी गेले. आई गुडघे थकेपर्यंत फेरी करत राहिली. मग तिचेच पाय गेले. मी कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी वेळेआधी सोडली आणि तिला विद्यानगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये आणलं. मी एकटीच, दुसरं कोणी बघणारं नव्हतं. ती वर्षं कशी होती, ते लिहायला मला अजून जमत नाही. एक खाट, एक खिडकी, औषधांच्या वेळा, आणि तिची हाक. प्रेम होतं, आणि भिंतीही होत्या. दोन्ही एकाच रंगाची झाली होती.

एका दुपारी मी तिला चमच्यानं पेज भरवत होते. सहज विचारावं तसं विचारलं, “आई, पप्पांनी ते मुद्दाम केलं होतं का गं? तुला बाहेर पडता यावं म्हणून?”

तिनं घास गिळला. “तुझ्या पप्पांनी उभ्या आयुष्यात मला ‘जा’ म्हटलं नाही,” ती म्हणाली. “तेव्हाही नाही म्हटलं.” मग तिनं माझ्या हातातला चमचा बाजूला सारला आणि पदरानं ओठ टिपले. “पण अर्धा चेहरा गेलेला गं त्यांचा. ओठ मिटायचेच नाहीत, सारखी लाळ गळायची. ते तसे घट्ट मिटून धरायला त्यांना किती जोर लागला असेल...”

एवढंच.

ती गेली त्याला आता काही महिने झाले. भाड्याची खाट परत दिली. खिडकीतून सकाळचं ऊन थेट भिंतीपर्यंत येतं, मध्ये काही अडत नाही. पुस्तकं आहेत, वाचते, पान उलटायचं राहून जातं.

परवा चर्चमधून नव्या फादरांचा फोन आला. तरुण आहेत, अदबीनं बोलतात. आजाऱ्यांच्या फेरीला माणसं कमी पडतायत, म्हणाले. आपकी मदर बरसों करते थे, सुना हमने. रविवारी सकाळचा वेळ देऊ शकाल का?

“घर में पूछके बोलती, फादर,” मी म्हणाले.

“हाँ हाँ, आराम से,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी तशीच फोन हातात धरून आतल्या, आईच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत भिंतीपर्यंत नुसतं ऊन होतं.